सव्वादोन तोळे पाणी

हिरीबाई मूळची वाशीमची. गावाच्या कडेला तिच्या बापाचा, रामकिसनचा, भाजीचा मळा होता. मोटेच्या पाण्यावर वांगी, मेथी, कांदा असं काही ना काही बाराही महिने निघायचं, आणि हिरी लहानपणापासून मायच्या शेजारी बाजारात बसायची. बाजारात वाढलेल्या पोरीला गप्प बसणं ठाऊक नसतं. ही तर झोपेतही गिऱ्हाइकांशी बोलते, असं तिची माय म्हणे.

अशी बोलकी पोर लग्न होऊन इंझोरीला आली, आणि त्या घरात कोणी बोलतच नव्हतं.

घर वाईट नव्हतं. कपाशी आणि ज्वारी पिकवणारं, दोन बैलजोड्यांचं, खाऊनपिऊन सुखी. पण सन अठराच्या मानमोडीच्या तापाच्या साथीत थोरला मुलगा इंद्रभान चार दिवसांत गेला, तेव्हापासून घराची जीभच गेली होती. सासू धुरपताबाई चुलीपुढे बसून राख उकरत राही. सासरे पुंजाजी उजाडल्यावर शेतात जात ते दिवे लागल्यावर येत. आणि नवरा, शालिकराम, अंगानं घरात असे; मनानं कुठे असे ते हिरीला पुष्कळ दिवस कळलं नाही.

हळूहळू कळलं. साथ आली तेव्हा शालिकराम अकोल्याला इंग्रजी शाळेत होता. मॅट्रिकला दोन वर्षं उरली होती. बापाचा निरोप गेला, "शाळा राहू दे, बैल दावणीले उभे आहेत." तो आला, आणि परत जायचं नाव कोणी काढलं नाही. त्यानंही नाही. येताना त्यानं एक काचेचं उभं भांडं आणलं होतं. त्याला वरच्या अंगाला बारीक चोच होती. गावच्या सोनाराकडून त्यानं एक जुना लहानसा तराजू मिळवला. शेतातून आला, हातपाय धुतले, की तो ओसरीवर ते भांडं चोचीपर्यंत पाण्यानं भरायचा. कधी दगड, कधी खिळा, कधी बोरीच्या लाकडाचा तुकडा दोरीनं त्यात सोडायचा. चोचीतून पाणी सांडायचं. ते वाटीत धरून तो तराजूत तोलायचा, आणि मग बराच वेळ आकाशाकडे बघत बसायचा.

धुरपताबाई शेजारणीला म्हणाल्या, "अकोल्याचं पानी बाधलं माह्या पोराले."

हिरीनं एकदा धीर करून विचारलं, "काय करून राह्यले तुमी?"

त्यानं मान वर केली. रागावला नव्हता. पण तिच्याकडे असं पाहिलं, जसं माणूस वाटेत भेटलेल्या परगावच्याकडे पाहतो. "ते तुले नाही समजनार," तो म्हणाला, आणि पुन्हा पाण्यात बघू लागला.

त्या दिवशी हिरी गोठ्यात जाऊन रडली. नवऱ्यानं मारलं असतं, शिव्या दिल्या असत्या, तर मायला सांगता आलं असतं. माझा नवरा दगडांशी बोलतो आणि माझ्याशी नाही, हे कोणाला सांगायचं? तिला त्या दगडांचा हेवा वाटे. दगडाला तो हातात घेऊन जोखायचा, उलटसुलट करून बघायचा, त्याच्यावर विचार करायचा. तिच्यावर विचार करायला त्याला काही कारणच पडत नव्हतं.

दोन उन्हाळे असे गेले.

मग एका दिवशी ती लोणी कढवत होती. तूप झालं, सोनेरी, पातळ. मडक्यात मागच्या वेळचं थोडं थिजलेलं तूप होतं, तेही वितळावं म्हणून तिनं त्याचा गोळा कढईत टाकला. गोळा तळाशी गेला. तो दरवेळी जायचाच. पण त्या दिवशी तिच्या मनात ओसरीवरचं काचेचं भांडं होतं, म्हणून तिचा हात थांबला. सकाळी ताक घुसळलं तेव्हा लोण्याचा गोळा ताकावर तरंगत होता. मग तुपाचा हा गोळा तुपातच बुडतो कसा?

ती तशीच ओसरीवर गेली.

"अवो, एक इचारू? लोनी ताकावर तरंगते. मंग थिजलेलं तूप वितळलेल्या तुपात काहून बुडते?"

शालिकरामनं हातातली दोरी खाली ठेवली. "बुडते?" त्यानं विचारलं.

"या ना पाहाले."

आणि तो आला. लग्नानंतर पहिल्यांदा तो जेवणाशिवाय चुलीपाशी बसला. तिनं दुसरा गोळा टाकला. तो गेला तळाशी. शालिकराम वाकून बघत होता. कढईची वाफ त्याच्या तोंडावर येत होती आणि त्याला भान नव्हतं.

"तूप तेच," तो स्वतःशी म्हणाला. "तेच तूप, तरी जड."

दोन दिवस तो त्याच विचारात होता. तिसऱ्या दिवशी त्यानं तिला हाक मारली. तिच्या नावानं. "हिरे, एक वाटी वितळलेल्या तुपानं काठोकाठ भर आन् ठेवून दे. थिजल्यावर पाहू किती राह्यते."

"पाहाचं काय त्याच्यात? मधोमध खड्डा पडते," हिरी म्हणाली. "दर वेळेस पडते."

त्यानं तिच्याकडे पाहिलं, आणि या खेपेला ते पाहणं परगावच्याकडे पाहिल्यासारखं नव्हतं. "खड्डा पडते! म्हंजे थिजल्यावर त्याले जागा कमी लागते. वजन तेवढंच, जागा कमी. मंग तेवढ्याच जागेत वजन जास्त बसलं का नाही? म्हनून बुडते!" तो हसत होता. त्याचे दात किती पांढरे आहेत ते तिला तेव्हा कळलं.

मग काय! इतक्या वर्षांचा बांध फुटल्यासारखा तो बोलू लागला. त्यानं पायलीभर ज्वारी आणि पायलीभर सरकी तिच्या दोन हातांत दिली. माप एकच, पण ज्वारीचा हात खाली गेला. "पायली सांगते जागा किती. तराजू सांगते वजन किती. दोन्ही येगयेगळ्या गोष्टी. आन् एवढ्या जागेत एवढं वजन, हा त्या वस्तूचा सोभाव. त्याले घनता म्हनते. दगडाचे हजार तुकडे कर, तुकडा लहान होईन, हलका होईन, पन त्याचा सोभाव तोच राहीन."

हिरीला सगळं एका दिवसात कळलं असं नाही. आधी तिला त्याचा आवाजच ऐकावासा वाटे, त्यात काय आहे ते नंतर. पण हळूहळू तेही गोड लागू लागलं. गाजर बुडतं, कोहळं तरंगतं. कांदा कसा, वांगं कसं, हे मोटेचं पाणी पडतं त्या मळ्यातल्या थाळण्यात भाज्या धुताना तिनं शंभरदा पाहिलेलं होतं. आता त्याला अर्थ आला. शेतात निंदताना ती प्रश्न साठवून ठेवी आणि संध्याकाळी ओसरीवर नेई.

याच सुखाच्या भरात तिनं एक दिवस आपल्या पायातला तोडा काढला आणि त्याच्यापुढे ठेवला. भरीव चांदीचे तोडे होते ते. तिच्या बापानं लग्नात घातलेले. वाशीमच्या मळेवाल्यांत कोणाच्याच पोरीला एवढे जाड तोडे मिळाले नव्हते, आणि सासरी आल्यावर ती पहिल्याप्रथम त्यांच्याच जोरावर ताठ मानेनं उभी राहिली होती.

"हे टाका पान्यात," ती म्हणाली. "माह्या बापाची चांदी कशी हाय ते पाहा."

त्यानं तोडा तोलला. एकवीस तोळे. मग भांडं चोचीपर्यंत भरून दोरीनं अलगद आत सोडला. पाणी सांडलं. वाटी तराजूत ठेवून तो एक एक गुंज टाकत गेला.

"चांदी पान्याच्या साडेदहापट," तो म्हणाला. "एकवीस तोळ्यानं दोन तोळे पानी सांडाले पायजे." त्यानं पारड्याकडे बघितलं, पुन्हा भांडं भरलं, पुन्हा तोडा सोडला, पुन्हा तोललं. मग मान वर केली. डोळे चमकत होते. "सव्वादोन सांडलं हिरे! शुद्ध नाहीच हे. जागा जास्त घेऊन राह्यलं. आत तांबं नाहीतर पितळ हाय, आन् थोडंथोडकं नाही, निम्मंशिम्मं! नुसत्या पान्यानं सांगतलं, पाह्यलं का?"

शालिकराम वाईट माणूस नव्हता. अकोला सुटल्यापासून त्याच्या हातून असं नेटकं उत्तर निघालं नव्हतं, आणि त्या आनंदात समोर कोण बसलं आहे याचा त्याला विसर पडला. हिरीनं ओला तोडा उचलला, पदरानं पुसला, पायात घातला आणि आत गेली. त्या संध्याकाळी तिनं कोणताच प्रश्न विचारला नाही. दुसऱ्या संध्याकाळीही नाही.

अखजीच्या सणाला ती माहेरी गेली. माय भाकरी थापत होती, बाप मोटेवर होता. ती थेट मोटेवर गेली.

"बाबा, माह्ये तोडे कोनत्या सोनारानं केले? त्यानं फसवलं तुमाले."

रामकिसननं बैल थांबवले. त्यानं विचारलं नाही की तुला कसं कळलं. कासरा खाली टाकून तो तिच्याजवळ आला.

"सोनारानं नाही फसवलं माय," तो म्हणाला. "मीच सांगतलं त्याले, का बाप्पा, चांदी एवढीच हाय, पन तोडे जाड दिसले पायजे. तुही सासू जड घरची. हलके तोडे घालून गेली असती तर जल्मभर टोमने आयकले असते तू. मंग पितळ मिसळाले लावलं." त्यानं कपाळावरचा घाम पुसला. "जवाईबापूले कळलं काय?"

"नाही," हिरी म्हणाली. "मलेच जरा संशव आला."

परतीच्या बैलगाडीत वाटभर ती पायांकडे बघत होती. तोडे तेवढेच जड होते, चढावावर गाडी हलली की तसेच घोट्याला लागत होते.

घरी आल्यावर तिनं शालिकरामला सगळं सांगितलं, बापानं सांगितलं होतं तसंच, एकही शब्द न गाळता. तो ऐकत गेला आणि त्याचा चेहरा उतरत गेला.

"मले हे सुचलंच नाही," तो शेवटी म्हणाला. "मी फक्त पानी पाह्यलं."

"पानी खोटं नव्हतं बोलत," हिरी म्हणाली.

"नव्हतं. पन मी तुह्याकडे पाहाले पायजे होतं."

इतकंच. गावाकडचा नवरा बायकोची माफी मागत नाही, आणि मागायचे शब्दही त्याला ठाऊक नसतात. पण पुढच्या वेळी रामकिसन इंझोरीला आला, तेव्हा शालिकराम वेशीपर्यंत सामोरा गेला आणि सासऱ्याच्या खांद्यावरचं गाठोडं स्वतःच्या खांद्यावर घेऊन घरी आला. हिरीनं ते दारातून पाहिलं आणि त्या दिवसापासून पुन्हा प्रश्न विचारायला लागली.

वर्षं गेली. पुंजाजी गेले, मग धुरपताबाई गेल्या. एक मुलगा झाला; शेतीत मन असलेला, आजोबांच्या वळणाचा. शालिकराम शेती नीट करायचा. त्याच्या कपाशीला कोणी नाव ठेवलं नाही. पण पेरणी आटोपून आभाळ स्वच्छ झालं, की तो मधूनच थांबायचा. तेव्हा हिरीला कळायचं, आता हा अकोल्यात आहे. शास्त्राच्या खोलीत. ती खोली तिला त्याच्या बोलण्यातून पाठ झाली होती: काचेची कपाटं, पाऱ्याची बाटली, मास्तरांचं लांब टेबल, आणि एका काचेच्या पेटीत बंद केलेला तराजू, जो श्वास लागला तरी हलायचा. "आपला तराजू गुंजेपर्यंत सांगते," तो म्हणायचा, "तो केसाचं वजन सांगे." एवढं म्हणून पुन्हा कामाला लागायचा. आपण त्याला मुलगा दिला, संसार दिला, कान दिला. ती खोली काही आपल्याला देता येणार नाही, हे तिला कळत होतं आणि मनात सलत होतं.

पस्तीस-छत्तीस सालच्या सुमारास नात्यातल्या एका लग्नासाठी दोघं अकोल्याला गेली. कारंज्यापर्यंत बैलगाडी, तिथून मूर्तिजापूरची छोटी गाडी, मग मोठी. लग्न लागलं, पंगत उठली, आणि दुपारी शालिकराम म्हणाला, "चाल, जरा फिरून येऊ." कुठे, ते तिनं विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.

शाळेच्या कंपाउंडाशी तो थांबला. आत दगडी इमारत, समोर कडुलिंब. कुठल्यातरी वर्गात मुलं एकसुरात काहीतरी म्हणत होती.

"ते टोकाचं दार," त्यानं बोट दाखवलं.

"चला ना मंग आत."

"मी?" त्यानं आपल्या धोतराकडे, भेगाळलेल्या टाचांकडे पाहिलं. "आता कोन ओळखते मले अठी? मास्तर तर कधीचेच गेले. कायले जाचं?"

"नुसतं पाहाले."

"नाही वं. पुरे झालं. चाल." पण त्याचे पाय हलत नव्हते. हात कंपाउंडाच्या भिंतीवर ठेवून तो उभा होता.

हिरीनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि फाटकातून आत गेली. मागून त्यानं हाक मारली, पण ती थांबली नाही. व्हरांड्यात चपराशी बसला होता. तो उठला.

"कोण पाहिजे बाई? कोणाच्या आई तुम्ही?"

हिरीला काय सांगावं कळेना. मग तिच्या तोंडून निघून गेलं, "शालिकराम."

जन्मात पहिल्यांदा तिनं ते नाव उच्चारलं होतं. उखाण्यातसुद्धा ती लाजून अडली होती. कानशिलं तापली.

"शालिकराम कोण? कोणत्या वर्गात?"

"शालिकराम पुंजाजी. इंझोरीचा. शास्त्राच्या खोलीत असन."

"तिथं आत्ता कोणी नाही. बघा पाहिजे तर," चपराशी म्हणाला आणि टोकाचं दार त्यानं ढकललं.

हिरी उंबऱ्यात उभी राहिली. आत कसला तरी उग्र, ओळखीचा नसलेला वास होता. काचेची कपाटं होती. लांब टेबल होतं, त्याच्या कडा मुलांच्या कोपरांनी गुळगुळीत झालेल्या. खिडकीपाशी काचेची पेटी होती, आणि आत दोन पितळी पारडी, अगदी स्थिर. ती बघत राहिली. इथं एक सतरा-अठरा वर्षांचा पोरगा वाकून श्वास रोखून उभा असे. त्या पोराला ती कधी भेटली नव्हती. तिच्या वाट्याला आला तो त्यानंतरचा माणूस. त्या रिकाम्या खोलीत तिला त्या पोराची इतकी ओढ लागली, की डोळे भरून आले.

"नाही ना कोणी?" चपराशी म्हणाला.

"नाही," ती म्हणाली.

ती बाहेर आली तेव्हा शालिकराम तिथंच, भिंतीवर हात ठेवून उभा होता. "काय सांगून गेली आत?" त्यानं विचारलं.

"सांगतलं काहीतरी."

"हाय का तराजू?"

"हाय. काचेच्या पेटीत."

"कुठी ठेवला? खिडकीपाशी?"

"खिडकीपाशीच."

"उजव्या अंगाले?"

"उजव्या अंगाले. पारडे पितळेचे. टेबलाच्या कडा घासल्या."

तो वाटभर एकेक गोष्ट विचारत राहिला, आणि ती एकेक सांगत राहिली. त्याला सगळं ठाऊक होतं, तिच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तरी तो तहानलेल्यासारखा ऐकत होता. मूर्तिजापूरला गाडी बदलली, कारंजं आलं, बैलगाडीत बसली, तरी त्याचे प्रश्न संपले नव्हते. इंझोरीच्या शिवारात आल्यावर तो एकदम म्हणाला, "बरं झालं तू गेली."

चव्वेचाळीस साली तो हिवतापानं गेला. लढाईच्या दिवसांत कोयनेलचं औषध मिळेना. शेवटचे दोन दिवस तो भ्रमात इंग्रजीत काहीतरी बोलत होता. घरात कोणालाच ते समजलं नाही. हिरी उशाशी बसून हुंकार देत होती.

ती त्यानंतर पुष्कळ जगली. सून, तुळसा, भली होती. घर पुन्हा मुकं नव्हतं, नातवंडांच्या गोंगाटानं भरलं होतं. पण हिरीच्या मनात प्रश्न यायचे थांबले नाहीत, आणि न्यायचे कुठे, ते ठिकाण उरलं नव्हतं. वाखासाठी अंबाडी भिजत घातली की सुरुवातीला तरंगते आणि मग बुडते, ते काहून? धुकं जमिनीला चिकटून का बसतं? निंदताना प्रश्न यायचा, संध्याकाळपर्यंत ती तो सांभाळायची, आणि संध्याकाळी ओसरीवर येऊन उभी राहायची.

लढाई संपल्यानंतरच्या वर्षी ती शेजारच्या गोमतीबाईबरोबर कारंज्याच्या बाजाराला गेली. भांड्यांच्या दुकानापुढे अॅल्युमिनियमच्या पांढऱ्या पातेल्यांची उतरंड लावलेली होती. "जर्मनचं घ्या, जर्मनचं!" दुकानदार ओरडत होता. हिरीनं ती भांडी लोकांच्या घरी लांबून पाहिली होती, हातात कधी धरली नव्हती. तिनं एक मोठं पातेलं उचललं. तेवढ्या पितळी पातेल्याला जेवढा जोर लावायचा तेवढा तिनं लावला, आणि हात भस्सकन वर गेला. पातेल्यात काही नव्हतंच जणू.

तिला हसू आलं. "अवो, हे पाहा—" असं म्हणत ती मागे वळली.

मागे गोमतीबाई उभी होती. "काय वं हिरीबाई? काय पाहू?"

हिरीनं पातेलं खाली ठेवलं. मग दुकानदाराला विचारलं, "भाऊ, हे पान्यात बुडते का तरंगते?"

"भांडं तरंगतेच बाई."

"भांडं नाही. याचा तुकडा."

दुकानदार गोमतीबाईकडे बघून हसला. "तुकड्याचं मले काय मालूम? तुकडा कोन घेते?" पण बाईची गंमत वाटून म्हणा, की बोहणी झालेली होती म्हणून, त्यानं एका मोडक्या झाकणाची मूठ तिच्या हातावर ठेवली.

घरी येताच तिनं तांब्याचं घंगाळ अंगणात घेतलं. पाणी भरलं. पाणी निवळेपर्यंत थांबली. मग ती मूठ अलगद पाण्यावर ठेवून बोटं काढून घेतली. मूठ डगमगत, उन्हात चमकत, सावकाश तळाशी गेली. लोखंडाचा खिळा जातो तशी घाईनं नाही.

"बुडली वो," ती मोठ्यानं म्हणाली. "पन सावकाश."

तुळसा पीठ चाळता चाळता दारात आली. "काय बुडलं आत्याबाई?"

हिरीनं तिच्याकडे पाहिलं. तुळसाच्या हाताला पीठ होतं, चूल पेटलेली होती, आत तान्हं रडत होतं.

"जाय तू, लेकरू रडून राह्यलं," हिरी म्हणाली, आणि ऊन कलेपर्यंत घंगाळापाशी बसून राहिली.